शिंगं पुरली त्या वर्षी

शिंग गाईचंच पाहिजे, बैलाचं चालत नाही, आणि ती गाय निदान एकदा तरी व्यालेली असली पाहिजे, हे मला प्रशिक्षणात कळलं. आमच्या बचत गटातल्या आम्ही काही बाया चंद्रपूरकडच्या एका शेतावर गेलो होतो. तिथल्या बाईंनी भाजीची रेसिपी सांगावी इतक्या सहज सांगितलं, की दुभत्या गाईचं ताजं शेण गाईच्या शिंगात भरायचं, पावसाळा सरला की ती शिंगं जमिनीत पुरायची, थंडीभर हात लावायचा नाही, आणि उन्हाळा लागताना काढायची. आत जे तयार होतं ते पाण्यात घोळून शेतावर शिंपडायचं. एकराला मूठभर.

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही, कारण मी पुढच्या ओळीत बसले होते आणि बाई माझ्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी एका मडक्यातून तयार झालेलं ते खत काढलं आणि वास घ्यायला दिलं. शेणाचा वास नव्हता. मोहफुलं वेचायला रानात गेलं, की झाडाखालचा पालापाचोळा बाजूला सारल्यावर जो वास येतो, तो होता. आमच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, मातीला असा वास आलेला मला आठवत नव्हता. आमच्या मातीला सिमेंटसारखा वास यायचा. अर्थात सिमेंटचा वास घरात खरोखरच होता, कारण नवरा कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात कामाला, आणि सुट्टीला घरी आला की त्याच्या कपड्यांतून तो यायचा. पण जमिनीला यायचं काही कारण नव्हतं.

पोंभुर्ण्यापासून थोडं आत, जंगलाला लागून आमचं गाव. घरी मी आणि माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते. मामाजी उंच, कडक, आणि तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांचा दोनच गोष्टींवर विश्वास. एक देव आणि दुसरा युरिया. देवावर अधूनमधून चिडायचे, युरियावर कधीच नाही. आमच्या घरात पोतं वाया जात नसे. न्हाणीचा पडदा युरियाच्या पोत्याचा, बाजाराची पिशवी युरियाच्या पोत्याची, आणि देवासमोर बसायचं आसनही त्याचंच. कृषी केंद्रात युरियाची गाडी लागली असं कळलं, की मामाजी नवरदेवासारखे धुतलेले कपडे घालून निघायचे.

अशा माणसाला शिंगाचं सांगायचं होतं. मी चहाबरोबर सांगितलं.

"एका एकराले किती?" त्यांनी विचारलं.

"मूठभर."

"मूठभर?" त्यांनी खर्रा थुंकला, बोलायला तोंड मोकळं हवं म्हणून. "सूनबाई, मी भाजीत यापेक्षा जास्त मीठ खातो."

"मामाजी, ते पाण्यात घोळून शिंपडायचं असते."

"म्हणजे त्या मुठीतबी पाणी!"

शेवटी एका अटीवर त्यांनी होकार दिला. मोठ्या बांधीला हात लावायचा नाही. विहिरीजवळची लहान बांधी आणि तिच्या कडेची भाजीची वाडी, एवढ्यात मी काय ती मातीची पूजा करावी.

आता शिंगं आणायची कुठून? गावात मेलेली जनावरं नाल्यापलीकडच्या एका पडीत टाकतात. तिथं जाऊन शोधायचं ठरवलं. एकटी गेले असते, पण मामाजी मागून काठी टेकत आले. म्हणाले, "तुले बैल कोण अन् गाय कोण ते कळाचं नाई." ते खरंच होतं. गाईच्या शिंगाच्या बुडाशी वळ्या असतात हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण नाल्यापलीकडे सगळी शिंगं सारखीच मळलेली दिसत होती. मामाजींनी सोपी रीत काढली. शिंगाला कुठं पोळ्याचा रंग चिकटलेला दिसला, की "बैल" म्हणायचे आणि फेकून द्यायचे.

एक शिंग हातात घेऊन मात्र ते थांबले. फिरवून फिरवून पाहिलं. टोकाशी थोडं तुटलेलं होतं.

"हे आपल्याच बांडीचं शिंग होय," ते म्हणाले. बांडी म्हणजे पांढरे ठिपके असलेली आमची जुनी गाय. मी लग्न होऊन आले तेव्हा ती म्हातारी होती. "याच शिंगानं मले नाल्यात फेकलं होतं. भर बाजाराच्या दिवशी. नवं धोतर नेसून होतो मी."

"मग नको का घ्यायचं?"

"घ्याचं कसं नाई? याले तं मीच पुरतो."

आणि खरंच, कोजागिरीच्या सुमारास आम्ही शिंगं भरली तेव्हा बांडीच्या शिंगात शेण मामाजींनी स्वतः भरलं. अंगठ्यानं दाबून दाबून. इतक्या मनापासून, की मला वाटलं माणूस बदलला. पण ते पुटपुटत होते ते ऐकलं आणि कळलं की शिव्या चालू आहेत.

लहान बांधीच्या कोपऱ्यात, झाडांच्या मुळ्यांपासून दूर, एक खड्डा केला. शिंगं तोंड खाली करून उभी मांडली, माती ओढली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काट्यांचं कुंपण केलं. आमचं हे सगळं धुऱ्यापलीकडून, म्हणजे शेताच्या बांधापलीकडून, एक काकू पाहत होत्या. त्यांची आणि आमची बांधी लागून. गवत कापायचं निमित्त करून त्या दोन तास एकाच जागी विळा चालवत होत्या.

"काय पुरून राह्यली वं?" शेवटी त्यांना राहवलं नाही.

"शेण," मी म्हणाले.

"शेण पुराले शिंग काऊन लागते?"

मी सगळं खरं ते सांगितलं. थंडीत जमीन आत ओढून घेते, शिंगात शेण मुरतं, मग त्याचं खत होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "असं होय," म्हणाल्या आणि गवत तिथंच टाकून गावाकडे निघाल्या.

त्यात भर म्हणजे मी शेणाचा दुसरा एक खड्डाही करत होते. विटा लावून, शेणात गूळ आणि अंड्यांच्या टरफलांचा चुरा मिसळायचा असतो. एवढी टरफलं घरात कुठून येणार? पोंभुर्ण्याच्या बाजारात अंडाभुर्जीची गाडी लावणारे एक चाचा होते. त्यांना सांगून ठेवलं होतं. ते दर बाजाराला माझ्यासाठी टरफलांची पिशवी बाजूला ठेवायचे आणि भर गर्दीत हाक मारायचे, "बाई, तुम्हारा माल आ गया!" गावातल्या बायांनी हे पाहिलं होतं. आता शिंगं आणि अंड्यांची टरफलं हे दोन्ही एकत्र आल्यावर गावानं काय समजायचं ते समजलं. काकूंची म्हैस आटली, कुणाची कोंबडी खुडूक बसली, सगळ्यांची नजर आमच्या बांधीच्या कोपऱ्याकडे. मला वाईट वाटायचं, थोडी भीतीही वाटायची, कारण आमच्या भागात करणीच्या गोष्टी हसण्यावारी जातातच असं नाही. मामाजी म्हणायचे, "मी सांगतलं होतं. युरिया टाकला असता तं कोनी काई बोललं नसतं."

दिवाळीच्या तोंडावर जंगलखात्याचे गार्ड आले. तरुण, नवीन बदली होऊन आलेले, मोटारसायकलवर. आम्ही धान कापत होतो.

"शेतात शिंगं पुरली आहेत अशी खबर आहे," ते म्हणाले.

"हो, आहेत," मी म्हणाले.

मी इतक्या पटकन हो म्हणेन असं त्यांना वाटलं नसावं. ते क्षणभर गडबडले. "कशाची?"

"गाईची."

"गाईची की गव्याची?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गव्याचं शिंग घरात सापडलं तरी इथे माणूस आत जातो. कुणीतरी आमची शिकारी म्हणून खबर दिली होती. तेवढ्यात भाऱ्याजवळ बसलेले मामाजी उठून आले.

"साहेब, गव्याचं शिंग पाह्यलं का तुमी कधी?"

"पाहिलंय, बाबाजी."

"मंग चला, पाहा. गव्यानं हे शिंग पाह्यलं तं लाजून मरन."

काटे काढले, माती उकरली, आणि गार्डसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक शिंग उपसलं. आत काय आहे ते पाहायला तोंडाजवळ नेलं. पुरून थोडेच दिवस झाले होते. शेण आत होतं आणि आतापर्यंत चांगलंच कुजायला लागलं होतं. गार्डसाहेबांनी मान इतक्या जोरात मागे नेली, की टोपी चिखलात पडली.

त्यांना साहेबांना कळवणं भाग होतं. आमच्या शेतात मोबाईलला रेंज फक्त धुऱ्याच्या एका उंचवट्यावर येते, तीही ओरडून बोललं तर. ते तिथं चढले. आजूबाजूच्या बांध्यांतली कापणी थांबली.

"सर, शिंगं मिळाली!... हो सर, पुरलेली!... नाही सर, गव्याची नाहीत, गाईची दिसतात!... आत आहे, सर!... शेण!... शेण, सर!... नाही नाही, सोनं नाही. शे-ण!... श श, शाळेतला श!"

पलीकडच्या बांधीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. फोनवर साहेब काहीतरी विचारत असावेत, कारण गार्डसाहेबांचा चेहरा पडला. "कशासाठी ते मला नाही सांगता येणार, सर," असं म्हणून त्यांनी फोन मामाजींच्या हातात दिला.

महिनाभर ज्यांनी माझी टिंगल केली होती, ते मामाजी उंचवट्यावर चढले, खर्रा थुंकला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, हे जगातलं लय मोठं खत होय! एकराले एक मूठ लागते! पोतं नाई लागत, मूठ! माह्या सुनेनं शिकून आणलं!"

मी विळा हातात घेऊन उभीच राहिले. मग ते उतरले, माझ्याकडे न बघता भाऱ्याजवळ गेले आणि बसले. गार्डसाहेब माफी मागत मागत गेले. जाताना त्यांच्या बुटाला शेण होतं ते आम्ही सांगितलं नाही.

माझ्या डोक्यावरचं ओझं त्या दिवशी उतरलं असं मला वाटलं. पण दिवाळीनंतर गावात मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली जत्राच. पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, होते. दंडारीतले कलाकार शेजारच्या गावचे होते. अशा मंडळींना गावातली बातमी मिळायला वेळ लागत नाही. मी बायांमध्ये बसले होते, हातात चिवड्याचा पुडा. नाच झाला, गाणं झालं, आणि मग साडी नेसलेला एक बाप्या टोपलीत शिंगं घेऊन रिंगणात आला.

सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

साडीतल्या बाप्यानं कमरेला पदर खोचून खड्डा खणायची नक्कल केली. मग दुसरा एकजण डोक्यावर टोपी ठेवून आला, कानाला चप्पल लावली आणि ओरडला, "सर! शेण, सर! श श, शाळेतला श!" रिंगण हसून लोळलं. ढोलकीवाल्याला हात चालवता येईना. मीही हसत होते, पण डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही, आणि ते कुठलं होतं तेही. त्या घोळक्यातून उठून जावं असं वाटत होतं, पण उठले असते तर सगळ्यांनी अजून पाहिलं असतं.

इतक्यात पुरुषांच्या बाजूनं आवाज आला.

"ए बाबू! थांब!"

मामाजी उभे होते. मला वाटलं, झालं, आता भांडण. काठी हातात होती.

"ते शिंग बैलाचं होय!" मामाजी म्हणाले. "पोळ्याचा रंग दिसून राह्यला त्याले! गाईचं पाह्यजे! बैलाच्या शिंगानं काई होत नाई!"

साडीतला बाप्या तयारीचा कलाकार. तो लगेच हात जोडून म्हणाला, "मंग बाबाजी, तुमीच या ना, आमाले शिकवा!"

आणि मामाजी गेले. रिंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि सांगायला लागले. शिंग कुठलं घ्यायचं, शेण कुठल्या गाईचं, खड्डा किती खोल, झाडापासून का लांब. सगळं मी चहाबरोबर सांगितलेलं, आणि थोडं त्यांनी स्वतःचं घातलेलं, जे पूर्ण चूक होतं. ढोलकीवाला त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर एक थाप मारायचा. मामाजींना वाटलं हा मान आहे. ते थापेसाठी थांबायला लागले. लोक आधी हसले, मग शांत झाले, मग एकानं विचारलं, "पऱ्ह्याच्या रोपावर शिंपलं तं चालते का, भाऊ?" दुसऱ्यानं विचारलं, "म्हशीचं शेण नाई जमत काय?" शेवटी दंडार बाजूला राहिली आणि कलाकार कडेला बसून बिड्या ओढू लागले.

धुऱ्यापलीकडच्या काकू माझ्याच मागे बसल्या होत्या. त्या पुढं झुकून म्हणाल्या, "म्हणजे खरंच खतच होय ना ते?" मी त्यांना चिवडा दिला.

होळीनंतर, नवरा सुट्टीला आला होता तेव्हा, आम्ही शिंगं काढली. काढताना मी घाबरले होते. इतका तमाशा झाल्यावर आत नुसतं वाळलेलं शेण निघालं असतं, तर मला मंडईत पुन्हा जाता आलं नसतं. पहिलं शिंग दगडावर आपटलं. आतून काळं, मऊ, ओलसर काहीतरी निघालं. मामाजींनी ते नाकाशी नेलं. त्यांना खर्र्यामुळे वास फारसा येत नाही. पुन्हा नेलं. "जंगलाचा वास होय," म्हणाले.

सगळी शिंगं तशीच निघाली, एक सोडून. बांडीचं. त्यातलं शेण हिरवंच्या हिरवं, जसं भरलं होतं तसं. बहुतेक दाबून दाबून भरल्यामुळे हवा गेली नसेल. मामाजी मात्र त्याच्याकडे बघून समाधानानं म्हणाले, "मेल्यावरबी ऐकली नाई."

खत घोळायची रीत अशी, की ड्रममधलं पाणी काठीनं एका दिशेनं इतकं फिरवायचं, की मध्ये खोल भोवरा पडला पाहिजे. भोवरा पडला की झटक्यात उलटं फिरवायचं. पुन्हा भोवरा, पुन्हा उलटं. असं तासभर. नवऱ्यानं सुरुवात केली. थोड्या वेळानं तो म्हणाला, की कारखान्यात यासाठी मशीन असते. मग मी घेतलं. मग मामाजींनी काठी घेतली आणि परत द्यायलाच तयार होईनात. खर्रा घोटायची आयुष्यभराची सवय, मनगट थकतच नव्हतं. भोवरा पडला की म्हणायचे, "पाह्य, पाह्य!" आणि उलटं फिरवताना पाणी अंगावर उडालं की बांडीला शिवी.

ऊन उतरल्यावर वाडीत आणि लहान बांधीत पळसाच्या डहाळ्यांनी ते शिंपडलं. धुऱ्याजवळ मामाजी फार जपून शिंपडत होते, एक थेंबही पलीकडे जाऊ नये म्हणून. पलीकडून काकू म्हणाल्या, "उडू द्या ना इकडं थोडंसं, भाऊ." मामाजी म्हणाले, "तुमची म्हैस दूध देते ना आता?" काकूंनी मान खाली घातली. मामाजींनी डहाळी ड्रममध्ये बुडवली आणि त्यांच्या बांधीवर असा जोरात झटका मारला, की त्या न्हाऊन निघाल्या.

त्या वर्षीचं पीक काही आभाळाला भिडलं नाही. लहान बांधीत युरिया टाकला नव्हता, तिथं धान मोठ्या बांधीपेक्षा कमीच झालं, आणि तण जास्त. मी लपवलं नाही, मामाजींनी तर मुळीच लपवू दिलं नसतं. पण भाजीची वाडी वेगळीच झाली. वांग्याला पाणी कमी लागायला लागलं. कुदळ मारली की ढेकूळ उडायचं ते बंद झालं, माती भुसभुशीत सुटायची. मामाजी रोज सकाळी तिथं जायचे. पाहणीला, म्हणायचे. मी विचारलं, "कशी वाटते?" तर म्हणायचे, "बरी आहे. पण युरियाची सर नाई." आणि पुढच्या हंगामात, माझ्याशी एक शब्द न बोलता, त्यांनी मोठ्या बांधीचा एक तुकडा युरियाविना ठेवला.

एका सकाळी ते वाडीतून आले ते दोन्ही हातांनी पळसाच्या पानाचा दोना धरून. मला वाटलं फुलं आणली देवाला. आत ओली माती होती आणि मातीत एक गांडूळ, चांगलं लांब.

"आपल्या वाडीत निघालं," ते म्हणाले. "किती वर्षांनी पाह्यलं मी इथी."

मग तो दोना घेऊन ते चहाच्या टपरीवर गेले. तिथं जो येईल त्याला दाखवलं. एकानं हात लावू पाहिला तर त्याच्यावर ओरडले. दुपार चढायला लागली, तेव्हा गांडूळ उन्हानं सुकेल म्हणून दोन्यावर ओला रुमाल टाकून परत आले. मी म्हणाले, अंगणातल्या तुळशीत सोडा, तिथं सावली आहे.

"नाई," मामाजी म्हणाले. "ते वाडीतलं होय." आणि घरात न शिरता, तसेच काठी टेकत, वांग्याच्या ओळीत जिथून काढलं होतं तिथं सोडायला गेले.